शिक्षकाचें पाचारण

समर्थ रामदास बोहल्यावर उभे असतां ‘सावधान’ हा शब्द ऐकतांच मांडवांतून निघून गेले, ही आख्यायिका महाराष्ट्रांतील लहान मुलांच्याही परिचयाची आहे. ईश्वरी हांक म्हटली कीं अशीच कांहींतरी विजेसारखी, एका क्षणांत सारें आयुष्य पालटून टाकणारी घटना डोळ्यांपुढें उभी राहते. मराठी ख्रिस्ती बांधव या हांकेला ‘पाचारण’ म्हणतात. परंतु धर्मेतिहास बारकाईनें चाळला म्हणजे असें आढळतें कीं, बहुतेकांच्या वांट्यास इतकी स्पष्ट हांक येत नाहीं. त्यांना ती चाचपडत, एकेक पाऊल टाकीत शोधावी लागते. आणि पुष्कळदां तर मनास न रुचणाऱ्या कामांतूनच ती त्यांच्या कानीं पडते. सतराव्या शतकांत फ्रान्समध्यें होऊन गेलेला झां बाप्तिस्त द ला साल हा अशा शोधाचा एक उत्तम नमुना होय. गरिबांच्या मुलांना शिकविण्यासाठींच आयुष्य वाहून घेणाऱ्या व्रतस्थ बंधूंचा जो संघ त्यानें स्थापिला, तो आपल्या हातून स्थापिला जाईल असें आरंभीं त्याच्या स्वप्नांतही नव्हतें.

‘फादर’ आणि ‘सिस्टर’ हे शब्द शाळा व इस्पितळें यांच्यामुळें शहरांतील सुशिक्षित घरांत रूढ झाले आहेत. ‘ब्रदर’ हा शब्द त्या मानानें अपरिचित. फादर म्हणजे दीक्षित धर्मगुरु. तो वेदीवर मिस्सा अर्पण करतो, पापनिवेदन ऐकतो, मरणोन्मुखास अखेरचे संस्कार देतो. ब्रदर यांपैकीं कांहींच करीत नाहीं. ब्रह्मचर्य, दारिद्र्य व आज्ञापालन हीं तिन्ही व्रतें तो घेतो. घरदार, मिळकत आणि स्वतःची मर्जी यांवर तो पाणी सोडतो. पण धर्मगुरूस समाजांत जो मान मिळतो तो मात्र त्याला मिळत नाहीं. तेव्हां साहजिकच दोन प्रश्न उभे राहतात. त्याग पुरता करावयाचा, तर मनुष्यानें धर्मगुरुच कां होऊं नये? आणि मुलांना शिकवावयाचेंच असेल, तर त्यासाठीं संसार सोडण्याचें कारण काय? या दोन्ही प्रश्नांशीं ला सालला व त्याच्या सोबत्यांना वर्षानुवर्षें झगडावें लागलें.

त्या काळचें फ्रान्स म्हणजे चौदाव्या लुईचें फ्रान्स. राजदरबाराचें वैभव शिगेस पोहोंचलें होतें. परंतु शहरांच्या गल्लीबोळांतून कारागिरांचीं व हमालांचीं मुलें दिवसभर उनाडत असत. श्रीमंतांच्या मुलांसाठीं लॅटिन शिकविणारीं विद्यालयें होतीं. मध्यम ऐपतीच्या मुलांसाठीं फी घेणाऱ्या ‘छोट्या शाळा’ होत्या. सुंदर हस्ताक्षर व हिशेब शिकविण्याचा मक्ता लेखनगुरूंच्या संघाकडे होता, आणि तो ते कायद्याच्या जोरावर राखीत. अगदीं दरिद्री मुलांसाठीं कांहीं चर्चांच्या आश्रयानें धर्मादाय शाळा चालत. पण त्यांचे मास्तर आज आहेत तर उद्यां नाहींत, अशी स्थिति होती. शिकविण्याची रीति म्हणजे मास्तरानें एकेका मुलास जवळ बोलवावें, त्याचा धडा घ्यावा, आणि तोंवर बाकीच्यांनीं गोंगाट करावा. वाचनाचा श्रीगणेशा लॅटिनपासून होई. कोष्ट्याचें किंवा चांभाराचें पोर दोन-तीन वर्षांतच कामाला जुंपलें जाई. तेवढ्यांत त्याला लॅटिन येत नसे आणि फ्रेंचही येत नसे. असल्या शाळांचा मास्तर म्हणजे ज्याला दुसरा कोणताही धंदा साधला नाहीं असा इसम, अशीच लोकांची समजूत होती. आपल्याकडील गांवठी शाळेंतील पंतोजीला निदान गांवांत आदराचें स्थान असे. तेंही त्याला नव्हतें.

ला सालचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजीं रँस या शहरीं झाला. फ्रान्सच्या राजांना ज्या कॅथीड्रलमध्यें राज्याभिषेक होत असे, तें याच शहरांत आहे. त्याचे वडील तेथील न्यायालयांत न्यायाधीश होते. घर सधन व प्रतिष्ठित होतें. ज्येष्ठ पुत्रानें वडिलांची गादी चालवावी असा कुळाचार. पण या मुलाचा ओढा लहानपणापासून धर्माकडे होता. १६६७ सालीं, वयाचीं १६ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, तो कॅथीड्रलचा ‘कॅनन’ झाला. कॅनन म्हणजे कॅथीड्रलच्या उपासनामंडळाचा सभासद; या पदाला मान मोठा, उत्पन्न चांगलें, आणि तें आमरण टिकणारें. पुढें धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठीं तो पॅरिसच्या सँ-स्युल्पीस या प्रसिद्ध धर्मविद्यालयांत दाखल झाला. परंतु १६७१ च्या जुलैंत आई व १६७२ च्या एप्रिलांत वडील निवर्तले. एकविसाव्या वर्षीं अभ्यास अर्धवट टाकून, पोरक्या झालेल्या धाकट्या भावंडांचा व घरच्या मिळकतीचा भार उचलण्यासाठीं त्याला रँसला परतावें लागलें. हे सर्व सांभाळीत १६७८ सालीं त्यानें धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली, आणि १६८० मध्यें धर्मशास्त्राची सर्वोच्च पदवीही मिळविली. त्याचा मार्ग आंखल्यासारखा दिसत होता : कॅनन, पंडित, आणि कदाचित् पुढें बिशप.

त्याचा आध्यात्मिक मार्गदर्शक निकोला रोलां हा रँसमधील दुसरा एक कॅनन होता. गरीब मुलींना शिकविण्यासाठीं त्यानें एक भगिनीसंघ स्थापिला होता. १६७८ मध्यें मरतांना त्यानें त्या संघाची व्यवस्था ला सालवर सोंपविली. मित्राची अखेरची इच्छा म्हणून ला सालनें ती स्वीकारली, सरकारी मान्यता मिळवून दिली, आणि आपलें कर्तव्य संपलें असें मानलें. परंतु १६७९ च्या मार्च महिन्यांत तो त्या भगिनींच्या दारांत उभा असतां, त्याच वेळीं दुसरा एक मनुष्य तेथें येऊन पोहोंचला. त्याचें नांव आद्रियँ नियेल. वय पन्नाशी उलटलेलें, सोबत चौदा वर्षांचा एक पोरगा. रूआं शहरांत गरिबांच्या शाळा चालविण्यांत त्याचें आयुष्य गेलें होतें. रँसमध्यें जन्मलेल्या पण रूआंत राहणाऱ्या एका धनिक बाईनें मुलांसाठीं तशीच शाळा काढण्यास त्याला येथें पाठविलें होतें. ला सालनें त्याला आपल्या घरीं उतरवून घेतलें, कोठें शाळा काढावी तें सुचविलें, आणि एप्रिलांत सँ-मोरिस या विभागांत पहिली शाळा सुरू झाली. वाटसरूस रस्ता दाखवावा, त्यापलीकडे या साह्यांत त्याच्या लेखीं कांहीं नव्हतें.

पण नियेलचा स्वभाव मोठा विलक्षण होता. एक शाळा उघडली कीं दुसरी उघडावयास त्याचा जीव तळमळे. उघडलेल्या शाळेकडे लक्ष देणें मात्र त्याला जमत नसे. मास्तर अडाणी, कोणी कोणास विचारीत नाहीं, शिस्तीचा पत्ता नाहीं. काम बिघडत चाललेलें पाहून ला सालला स्वस्थ बसवेना. १६७९ च्या अखेरीस त्यानें मास्तरांसाठीं आपल्या घराजवळ एक घर भाड्यानें घेतलें. पुढें भोजनासाठीं त्यांना आपल्या घरीं बोलावूं लागला. १६८१ च्या जूनमध्यें तर त्यांना आपल्या घरांतच राहावयास आणलें. यांतील प्रत्येक पाऊल लहान होतें, आणि प्रत्येकाचें कारण व्यवहारी होतें. परंतु त्याच्या मनाला मात्र हें पाऊल फार जड गेलें. शाळामास्तरांना तो मनोमन आपल्या खासगी नोकराहूनही खालच्या पायरीचे समजत असे. त्यांच्या संगतींत दिवस काढावे लागतील हें आधीं कळलें असतें, तर आपण या कामाला हातच लावला नसता, अशी कबुली त्यानें स्वतःच पुढें लिहून ठेविली आहे. ईश्वर मनुष्याच्या इच्छेवर जुलूम करीत नाहीं. तो त्याला एका बंधनांतून दुसऱ्या बंधनांत, कळूं न देतां, हळूहळू नेतो, असा या सर्व घटनांचा अर्थ त्यानें मागाहून लावला. घडत असतांना मात्र त्याला तो अर्थ दिसत नव्हता.

नातलग खवळले. न्यायाधीशाच्या घरांत, कुलीन मुलांच्या पंक्तीला, हे गांवढळ मास्तर जेवावयास बसतात, याहून घराण्याची अप्रतिष्ठा ती कोणती? त्यांनीं त्याच्या धाकट्या भावांपैकीं कांहींना त्याच्या घरांतून काढून नेलें. वडिलांच्या पश्चात् ज्या भावंडांसाठीं त्यानें अभ्यास सोडला होता, त्यांच्यापासूनच या कामानें त्याची ताटातूट केली. १६८२ च्या जूनमध्यें त्यानें वडिलोपार्जित घर सोडलें आणि शहराच्या गरीब वस्तींतील एका भाड्याच्या घरांत तो मास्तरांसह राहूं लागला. तिकडे मास्तरांनाही हें नवें नियमबद्ध जीवन मानवलें नाहीं. वेळेवर उठणें, प्रार्थना, मौन, आणि दिवसभर मुलांची कटकट! पहिल्या तुकडीपैकीं बहुतेक जण थोड्याच महिन्यांत निघून गेले. त्यांच्या जागीं जे नवे तरुण आले, ते नोकरी शोधीत आले नव्हते. ईश्वरसेवेचा मार्ग शोधीत आले होते. भावी संघाचें खरें बीज या दुसऱ्या तुकडींत होतें.

याच सुमारास संघाच्या इतिहासांतील अत्यंत महत्त्वाचा संवाद घडला. मास्तर उद्यांच्या चिंतेनें अस्वस्थ झाले होते. आज शाळा आहेत. उद्यां आश्रयदात्यांनीं हात आंखडता घेतला, तर म्हातारपणीं आपलें कसें व्हावें? ला सालनें त्यांना रानांतील फुलांचा व आकाशांतील पांखरांचा ख्रिस्तानें दिलेला दृष्टांत सांगितला आणि ईश्वरावर भरंवसा ठेवावयास विनविलें. त्यावर त्यांनीं जें उत्तर दिलें, तें असें : आपल्याला हें बोलणें सोपें आहे. आपल्यापाशीं कॅननपदाचें उत्पन्न आहे, वडिलार्जित मिळकत आहे. शाळा बुडाल्या तर आपण तरून जाल. आम्ही मात्र रस्त्यावर येऊं. या उत्तरापुढें विद्वान् धर्मशास्त्री निरुत्तर झाला. त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें, आणि तें खरें आहे हें मान्य करण्याचा प्रामाणिकपणा त्याच्या अंगीं होता.

त्याच्या मनांत आलें कीं आपली संपत्ति शाळांना कायमची जोडून द्यावी, म्हणजे मास्तरांची चिंता मिटेल. पॅरिसमधील निकोला बारे या तपस्वी साधूचा त्यानें सल्ला घेतला. बारेचें मत अगदीं उलट पडलें : शाळांच्या पाठीशीं ठेव ठेवूं नको, त्यांचा भरंवसा ईश्वरावरच राहूं दे, आणि तुला यांचा पुढारी व्हावयाचें असेल, तर तूंही त्यांच्याइतकाच निर्धन हो. ला साल घाईनें निर्णय घेणारा नव्हता. त्यानें महिनेच्या महिने विचार केला, प्रार्थना केली, अनेकांचा सल्ला घेतला, आणि दोन्ही बाजूंचीं कारणें मांडून पाहिलीं. त्यांतील कांहीं कारणें अगदीं रोखठोक होतीं. कॅननला रोज पांच-सहा तास उपासनेंत घालवावे लागतात. मग शाळा कोणी पाहाव्या? आपण सुरक्षित राहून इतरांना भरंवशाचा उपदेश करणें शोभेल काय? आणि अखेरचें कारण मनाच्या कलाचें होतें. त्या पदाची ओढ त्याला उरली नव्हती. आपण तें सोडण्यापूर्वींच त्यानें आपल्याला सोडलें आहे, असें त्याला दिसून आलें. १६८३ च्या ऑगस्टमध्यें त्यानें कॅननपदाचा राजीनामा दिला. तें पद आपल्या धाकट्या भावाला देववणें सहज शक्य होतें, आणि सगळ्यांची अपेक्षाही तीच होती. परंतु त्यानें एका गरीब धर्मगुरूचें नांव सुचविलें. त्यानंतर लौकरच दुष्काळाचा कडक हिवाळा आला, तेव्हां त्यानें आपली मिळकत भाकरीच्या रूपानें भुकेल्यांना वांटून टाकली. आतां मास्तरांना त्याच्याकडे बोट दाखवावयास जागा उरली नाहीं.

येथून ‘मास्तर’ हा शब्द मागें पडला आणि ‘बंधु’ हा शब्द पुढें आला. ‘ख्रिस्ती शाळांचे बंधु’ असें नांव त्यांनीं घेतलें : ते एकमेकांचे बंधु, आणि मुलांचे वडीलबंधु. काळा झगा, गळ्याशीं पांढरी पट्टी, जाडेभरडे जोडे, रुंद कांठाची टोपी आणि शेतकऱ्यांच्या पद्धतीचा सैल बाह्यांचा डगला, असा पोषाख त्यांनीं स्वीकारला. हा पोषाख धर्मगुरूंचा नव्हता आणि गृहस्थांचाही नव्हता. रस्त्यांतील लोक त्यांची टवाळी करीत. नियेल १६८५ मध्यें रूआंला परत गेला व १६८७ मध्यें तेथेंच वारला. आरंभ त्यानें केला; पण आरंभ करणें आणि टिकवून धरणें हीं दोन निराळीं पाचारणें आहेत, हें त्याच्या चरित्रावरून दिसतें.

१६८८ सालीं ला साल पॅरिसला आला आणि सँ-स्युल्पीस विभागांतील शाळा त्याच्या बंधूंकडे आली. यश मिळूं लागतांच शत्रुत्वही वाढलें. फी घेणाऱ्या शाळांचे मास्तर न्यायालयांत गेले. अतिश्रमानें ला साल आजारी पडला, कित्येक बंधु संघ सोडून गेले, नवे येईनात. अशांत हांरी लेरो नांवाच्या बंधूचा आकस्मिक मृत्यु ओढवला. हा फार बुद्धिमान् होता. त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा देववून आपल्यामागें संघाचा प्रमुख करावा असा ला सालचा बेत होता, आणि त्यासाठीं तो धर्मशास्त्र शिकत होता. या आघातानें ला सालला आपल्या बेताचा मुळापासून विचार करावा लागला. धर्मगुरु आणि साधे बंधु असे दोन वर्ग संघांत निर्माण झाले, तर काय होईल? धर्मगुरूला विवाह, प्रेतसंस्कार, प्रवचनें यांची बोलावणीं येणार. शाळा दुय्यम ठरणार. आणि नुसतें शिकविणाऱ्या बंधूस आपण कमी दर्जाचे आहोंत असें वाटूं लागणार. तेव्हां त्यानें कायमचा निर्णय केला कीं, या संघांत कोणीही धर्मगुरु होऊं नये. इतकेंच नव्हे, तर त्या वाटेचा मोह पडूं नये म्हणून बंधूंना लॅटिन शिकणें व शिकविणें यांचीही मनाई झाली. पहिल्या प्रश्नाचें उत्तर या निर्णयांत आहे. मुलांना अक्षरओळख करून देणें हें धर्मगुरुपदाकडे जाणारी एखादी पायरी नसून स्वतःच एक पुरें ईश्वरकार्य आहे, आणि तें एका मनुष्याचें सबंध आयुष्य व्यापण्याइतकें मोठें आहे, असें त्यानें या नियमानें सांगितलें.

परंतु नियम करून मोडकळीला आलेला संघ सावरत नाहीं. २१ नोव्हेंबर १६९१ रोजीं ला साल, निकोला व्ह्यूयार व गाब्रियेल द्रोलँ हे तिघे एकत्र आले आणि त्यांनीं गुप्तपणें एक शपथ घेतली. आपण तिघेच उरलों, भीक मागावी लागली, नुसत्या भाकरीवर दिवस काढावे लागले, तरीही हा संघ उभा करण्याचें काम सोडावयाचें नाहीं, असा तिचा आशय होता. पुढें या तिघांचें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. व्ह्यूयारकडे पॅरिसमधील एक शिक्षक-प्रशिक्षणशाळा सोंपविलेली होती. कांहीं वर्षांनीं एका मृत्युपत्रान्वयें तिची देणगी त्याच्या व्यक्तिगत नांवावर आली, तेव्हां त्यानें ती स्वतःकडेच ठेवली आणि तो संघांतून बाहेर पडला. द्रोलँला १७०२ मध्यें रोमला पाठविलें. परक्या शहरांत, बहुतेक काळ एकटाच, दारिद्र्यांत राहून त्यानें तेथील काम १७२८ पर्यंत सांभाळलें. एकाच दिवशीं, एकाच शब्दांत घेतलेली शपथ एकानें मोडली व दुसऱ्यानें पाळली. पाचारण ओळखणें ही एका दिवसाची गोष्ट नव्हे. होकार रोज नव्यानें द्यावा लागतो, असें या संघांत मानीत आले आहेत, त्याचें कारण असल्या अनुभवांत आहे.

१६९२ मध्यें पॅरिसजवळ व्होजिरार येथें नवशिष्यांसाठीं स्वतंत्र घर उघडलें. ६ जून १६९४ रोजीं ला साल व बारा बंधूंनीं आजन्म व्रतें घेतलीं. त्यांत गंमत अशी कीं, मोफत शाळा चालविण्यासाठीं एकमेकांशीं बांधून घेणें, हेंच त्या व्रतांतील एक व्रत होतें. दुसऱ्या दिवशीं ला सालनें सुचविलें कीं, आपण धर्मगुरु आहोंत, तरी बंधूंनीं आपल्यापैकींच एकास प्रमुख निवडावें. मतदान झालें, सर्वांनीं त्यालाच निवडलें. त्यानें पुन्हां मतदान घ्यावयास लावलें, फळ तेंच. तेव्हां आपल्यानंतर कोणीही धर्मगुरु प्रमुख होणार नाहीं, असें त्यानें त्यांच्याकडून लिहून घेतलें.

या शाळांतून चालणारें कामही नवें होतें. मुलांची एकेकट्यानें शिकवणी न घेतां त्यांचे वर्ग पाडून सर्वांना एकदम शिकवावें. वाचनाचा आरंभ लॅटिनपासून न करतां मातृभाषेंतून करावा. मास्तरानें थोडें बोलावें व एका लहानशा यंत्राच्या टिकटिकीनें खुणा कराव्या. मुलांची न्याहारी शाळेंत व्हावी, आणि उरलेली भाकरी ज्यांनीं कांहींच आणलें नसेल त्यांना द्यावी. गैरहजर मुलाचें कारण त्याच्या घरच्या स्थितींत शोधावें : असे शेंकडों बारकावे बंधूंच्या अनुभवांतून गोळा करून ला सालनें ‘शाळांचें संचालन’ हें पुस्तक सिद्ध केलें. तें १७२० मध्यें आव्हीन्यों येथें छापलें गेलें. आज वर्गांत बसून मराठींत पहिला धडा वाचणाऱ्या मुलाला या गोष्टींत नवल वाटणार नाहीं. त्या काळीं मात्र त्या क्रांतिकारक होत्या. सर्वांत मोठा वाद फीचा. ला साल श्रीमंत व गरीब असा भेद न करतां कोणाकडूनच फी घेत नसे. त्यामुळें पैसेवाल्यांचीं मुलेंही येऊं लागलीं आणि लेखनगुरूंचा धंदा बसला. १७०४ पासूनच्या खटल्यांत बंधूंना दंड झाले व पॅरिसमधील शाळा कांहीं काळ बंद पडल्या. फीचें तत्त्व त्यानें सोडलें नाहीं. संघाचें केंद्र मात्र रूआंजवळ सँ-इयों येथें हलविलें.

इतकें सगळें उभें केल्यावरही ला सालला आपल्या पाचारणाविषयीं शंका आली, ही गोष्ट चरित्रकारांनीं लपविलेली नाहीं. १७१२ मध्यें एका तरुण देणगीदाराच्या व्यवहारावरून त्याच्यावर खटला होऊन निकाल विरुद्ध गेला. कांहीं बंधूही उलटले. आपणच या संघाच्या मार्गांतील धोंड आहोंत काय, असें त्याला वाटूं लागलें. तो दक्षिणेकडे निघून गेला. ग्रनोब्ल येथें एक बंधु कामासाठीं दूर गेला असतां त्याच्या वर्गांत उभें राहून साठीं ओलांडलेल्या या धर्मपंडितानें लहान मुलांना अक्षरें शिकविलीं. परतण्याचें नांव तो घेईना. तेव्हां १ एप्रिल १७१४ रोजीं पॅरिस भागांतील प्रमुख बंधूंनीं त्याला एक पत्र लिहिलें. त्यांत विनंति होती, आणि आज्ञाही होती. ज्या संघापुढें आपण आज्ञापालनाचें व्रत घेतलें आहे, त्या संघाच्या नांवानें आम्ही आपणांस परत येऊन कारभार हातीं घेण्याची आज्ञा करीत आहोंत, असा तिचा भाव होता. ज्या मास्तरांना तो एके काळीं नोकराहून हलके मानीत होता, त्यांच्याच वारसांनीं त्याला हुकूम केला. आणि त्याच ऑगस्टमध्यें पॅरिसच्या दारांत उभा राहून, मी आलों आहें, काय करूं तें सांगा, अशा अर्थाचे शब्द त्यानें काढले. त्याच्या अंतःकरणांतील हांक तेव्हां निमाली होती; दुसऱ्यांच्या तोंडून ती त्याला पुन्हां ऐकूं आली.

१७१७ मध्यें बार्तेलेमी या बंधूची प्रमुख म्हणून निवड झाली आणि ला साल साधा आज्ञाधारक सभासद झाला. ७ एप्रिल १७१९ रोजीं, गुड फ्रायडेच्या दिवशीं, सँ-इयों येथें त्यानें देह ठेवला. त्या वेळीं संघांत सुमारे १०० बंधु होते. १७२४ मध्यें राजाची व १७२५ मध्यें पोपची मान्यता मिळाली. १७९२ मध्यें क्रांतीच्या वावटळींत फ्रान्समधील संघ मोडला गेला, आणि नव्या शतकाच्या आरंभीं तो पुन्हां उभा राहिला. १८५२ मध्यें त्याचे बंधु पिनांग व सिंगापूर येथवर पोहोंचले. १९०० सालीं ला सालची संतमालिकेंत गणना झाली व १९५० सालीं पोप बाराव्या पायस यांनीं त्याला सर्व शिक्षकांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केलें. लॅटिनचा निर्बंध १९२३ मध्यें उठला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ मध्यें अशा संघांना आपल्यांतील कांहीं बंधूंस धर्मगुरु करण्याची मोकळीक दिली. तरीही १९६६-६७ च्या अधिवेशनांत ला सालच्या बंधूंनीं ती न घेण्याचें ठरविलें. त्यानंतरच्या काळांत बंधूंची संख्या पुष्कळ घटली. सुमारे ८० देशांतील त्यांच्या संस्थांत शिकविणारे बहुसंख्य लोक आतां गृहस्थाश्रमी शिक्षक व शिक्षिका आहेत.

आज एखाद्या तरुणास बंधु व्हावेंसें वाटलें, तर त्याच्या इच्छेवर कोणी एकदम विश्वास ठेवीत नाहीं. प्रथम कांहीं काळ तो बंधूंबरोबर राहतो. मग निदान १२ महिन्यांचें नवशिष्यत्व; त्यानंतर निदान ३ वर्षें तात्पुरतीं व्रतें; आणि वयाचीं २१ वर्षें पुरीं झाल्यावांचून आजन्म व्रत नाहीं, असा कॅथलिक धर्माचा कायदा आहे. या अवधींत त्याची परीक्षा दोन बाजूंनीं होते. प्रार्थनेची त्याला गोडी आहे काय, हें जसें पाहतात, तसेंच मुलांच्या गलक्यांत त्याचें मन रमतें काय, मंद मुलाची त्याला कीव येते कीं संताप येतो, आणि चार परक्या माणसांशीं त्याचें जमतें काय, हेंही पाहतात. नुसता त्यागाचा उमाळा पुरत नाहीं. नुसती शिकविण्याची हौसही पुरत नाहीं.

महाराष्ट्राला हा विचार सर्वस्वीं परका नाहीं. पुण्यास १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल व १८८४ मध्यें डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली, तेव्हां तिच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर वीस वर्षें शिकविण्याचें बंधन स्वीकारलें होतें. आणि बाहेरची कमाई घ्यावी कीं नाहीं या वादांत जेसुइट साधूंच्या निरिच्छतेचा आदर्श स्पष्टपणें पुढें मांडला गेला होता. १८९० मध्यें टिळक सोसायटींतून बाहेर पडले, त्याच्या मुळाशीं हा तत्त्वाचा वाद होता. आगरकर, गोखले प्रभृतींनीं संसार सांभाळून तें व्रत चालविलें. संसार न सोडतांही शिक्षकाचें व्रत पाळतां येतें, हें त्यांनीं दाखविलें. पण त्या वादानें हेंही दाखविलें कीं, घरच्या गरजा आणि संस्थेचें व्रत यांची ओढाताण चुकत नाहीं. दुसऱ्या प्रश्नाचें ला सालच्या बंधूंनीं दिलेलें उत्तर याच जागीं लागू पडतें. संसार वाईट म्हणून ते तो सोडीत नाहींत. ज्या शाळेंत फी नाहीं, ज्या गांवीं आश्रयदाता टिकेल कीं नाहीं याचा भरंवसा नाहीं, तेथें उद्यां सकाळींही दार उघडणारा कोणीतरी असावा, एवढ्यासाठीं ते मोकळे राहतात.

अशा त्यागाची सर्वांनाच हांक येईल असें नाहीं, आणि यावी असेंही नाहीं. परंतु रँसच्या त्या न्यायाधीशपुत्राला जी गोष्ट शिकावयास आयुष्यांतील उमेदीचीं वर्षें लागलीं, ती प्रत्येक समाजाला शिकावी लागते. आपल्या मुलांना अक्षर शिकविणाऱ्या मनुष्याला आपल्या पंक्तीला बसवावयाचें कीं नाहीं, हा प्रश्न ला सालच्या घरांत १६८० सालीं निघाला होता, आणि नातलगांनीं त्याचें उत्तर देण्यास क्षणाचाही विलंब लाविला नव्हता. ला सालनें मात्र तें उत्तर देण्यापूर्वीं त्या मास्तरांबरोबर राहून पाहिलें.